बावीस चेहरे आणि एकही उत्तर नाही

आपल्या मोहल्ल्यातला निवडणुकीचा फ्लेक्स मतदारासाठी लावलेला नसतो. हे मी रागाने लिहीत नाही, बोर्ड नीट वाचून लिहितोय.

कुठल्याही चौकातला एक बोर्ड घ्या. वरच्या पट्टीत पक्षाच्या पाच-सहा नेत्यांचे गोल फोटो. मध्ये हात जोडून उभा असलेला 'भावी नगरसेवक', कधी पांढऱ्या कुर्त्यात, कधी गॉगल लावून. खाली तीन ओळींत शुभेच्छुकांचे चेहरे आणि प्रत्येकाच्या नावामागे भाई, शेठ, दादा नाहीतर सरकार. डिसेंबर २०२५ मध्ये मिरजेत आमच्या भागात लागलेल्या एका बोर्डवरचे चेहरे मी मोजले. बावीस भरले. त्या बोर्डवर प्रभाग क्रमांक नव्हता. उमेदवार कुठल्या जागेवर उभा राहणार, अ, ब, क की ड, तेही नव्हतं. याने आजवर काय केलं आणि निवडून आला तर काय करणार, याबद्दल एक शब्द नव्हता. 'विकासाचा ध्यास, जनतेचा विश्वास' एवढं मात्र होतं, सोनेरी रंगात, लाल सावलीसकट.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एखादी स्क्रीन बनवायला घेतली की पहिला प्रश्न असतो, ही कोण बघणार आणि बघून त्याने काय करायचं आहे. रेल्वेचं तिकीट काढणाऱ्या माणसाला तारीख, गाडी आणि सीट लागते. त्याच्यासमोर कंपनीच्या बावीस मॅनेजरांचे फोटो ठेवले तर दुसऱ्या दिवशी ते ॲप कोणी उघडणार नाही. आपल्या रस्त्यावरच्या 'स्क्रीन'ला हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. म्हणून आपण विचारू.

बोर्ड कोणासाठी आहे?

१५ जानेवारी २०२६ ला महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये याआधीची निवडणूक २०१८ ची. मुंबईत तर मार्च २०२२ पासून लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. इतक्या वर्षांनी लोकांसमोर जायची वेळ आली होती. लोकांना सांगण्यासारखं आणि विचारण्यासारखं पुष्कळ साचलं होतं. आणि आपल्या उमेदवारांनी काय केलं? फोटो टांगले.

मी एका फ्लेक्सवाल्या चाचांना विचारलं, "चाचा, एवढे चेहरे कशाला? त्यात उमेदवाराचं नाव तरी दिसतं का?"

ते हसले. म्हणाले, "बेटा, ज्याचा फोटो त्याची वर्गणी. फोटो काढले तर बिल कोण देणार?"

सगळं रहस्य या एका वाक्यात आहे. फ्लेक्स म्हणजे वर्गणीची पावती. वरच्या पट्टीतले गोल फोटो तिकीट देणाऱ्यांसाठी असतात, 'साहेब, मी तुमचाच माणूस' हे सांगायला. खालचे चेहरे वर्गणी देणाऱ्यांसाठी. आणि बोर्डचा आकार समोरच्या गल्लीतल्या प्रतिस्पर्ध्यासाठी, त्याचा दहा फुटी तर माझा पंधरा फुटी. या तिघांमध्ये मतदार कुठेच नाही. तो फक्त त्या बोर्डखालून वाकून जातो.

खर्चाचं गणितही याला साथ देतं. उमेदवाराच्या खर्चाचा अधिकृत हिशोब उमेदवारीपासून सुरू होतो. त्याआधी तीन वर्षं वाढदिवस, ईद, दहावीचा निकाल, हाजींचं स्वागत अशा निमित्तांनी 'भावी नगरसेवक' चौकात लटकत असतो. तो खर्च कुठल्याच वहीत येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या बोर्डवर चिन्हही नसतं, कारण अपक्षाला चिन्ह मिळतं अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. या वेळी चिन्हवाटप ३ जानेवारीला झालं. मतदानाला उरले बारा दिवस. म्हणजे मतदान केंद्रात जी खूण शोधायची, ती सोडून बाकी सगळं आपण तीन वर्षं बघत होतो.

वाचता येतो का, ते तरी बघू

साइनबोर्ड रंगवणाऱ्यांचा एक जुना अंदाज आहे. अक्षर एक इंच उंच असेल तर ते दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. दोन इंचाचं वीस फुटांवरून, दहा इंचाचं शंभर फुटांवरून. आता दुचाकीवरचा माणूस धरा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २७ फूट. दोन इंची अक्षरांत लिहिलेलं नाव त्याला वाचता येण्याच्या टप्प्यात आल्यापासून पाऊण सेकंदात मागे पडतं. पाऊण सेकंदात माणूस एक-दोन शब्द वाचतो, तेही समोर खड्डा नसेल तर. दहा इंची अक्षर असेल तर साडेतीन सेकंद मिळतात. तेवढ्यात नाव, चिन्ह आणि प्रभाग सहज डोक्यात जातात.

आठ फूट बाय चार फूट बोर्ड म्हणजे ९६ इंच बाय ४८ इंच. डावीकडे तीस इंचाचं चिन्ह, उजवीकडे दहा-बारा इंची अक्षरांत नाव, त्याखाली प्रभाग आणि जागा, तळाला मतदानाची तारीख. झाला बोर्ड. बावीस चेहऱ्यांना जागाच उरत नाही. डिझाइन कसं करायचं हे आपल्या पोरांना कळत नाही असं अजिबात नाही. चेहरे ठेवायचे असं आधी ठरतं, आणि मग अक्षर दोन इंचावर येतं.

देवनागरीचं स्वतःचंही म्हणणं असतं. तिला वर रफार-वेलांटीला आणि खाली उकाराला जागा लागते. आपला डिझायनर नाव बसत नाही म्हणून आडवं दाबतो, मग त्याला पांढरी कड, त्यावर लाल कड, त्यावर सावली. अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते. लांबून 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' सारखेच दिसू लागतात. युनिकोडमधला मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. उर्दूचे हाल याहून वाईट. नस्तालीक जोडून लिहायची लिपी, पण बोर्डवर अक्षरं सुटी पडतात, कधी उलट्या क्रमाने येतात, आणि ज्या बुजुर्गांसाठी ती ओळ लिहिली त्यांनाच ती वाचता येत नाही. हे सगळं टाळता येतं. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्ता', 'बलू' हे फॉन्ट फुकट आहेत, उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक' फुकट आहे. पैसा लागत नाही, फक्त छापण्याआधी एकदा वीस पावलं मागे जाऊन बघावं लागतं.

रंगाचंही तसंच. जो पक्ष शहरभर आपल्या रंगात फिरतो, तो आपल्या मोहल्ल्यात शिरताना हिरवा होतो. हिरव्या पाटीवर लाल अक्षरं! लाल-हिरव्यातला फरक ज्यांच्या डोळ्यांना कळत नाही अशी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. त्यांच्यासाठी तो बोर्ड कोराच. आणि ज्यांना रंग दिसतात त्यांनाही त्या हिरव्यातून एवढंच कळतं की उमेदवाराने आपल्याला एका रंगात मोजून टाकलं आहे.

चिन्ह विसरलात तर काय होतं

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातली साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. निरक्षर माणसाला कोणाच्या मदतीशिवाय, गुप्तपणे मत देता यावं म्हणून केलेली ही व्यवस्था. पुढे निवडणूक आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी यांनी कंगवा-कपाटासारख्या रोजच्या वस्तूंची चिन्हं पेन्सिलने रेखाटली. साधी रेषाचित्रं, काळ्या-पांढऱ्यात छापली तरी ओळखू येतील अशी. माझ्या मते भारतातलं सार्वजनिक डिझाइनचं हे सगळ्यात चांगलं काम आहे. त्यात मतदाराला काय हवं याचा विचार आधी आहे.

आपल्या फ्लेक्सवर हेच चिन्ह कोपऱ्यात, रंगवलेलं, चमकवलेलं, कधी आगीच्या ज्वाळांत बसवलेलं असतं. यंत्रावर ते काळ्या रेषांत असतं. दोन्ही एकच आहेत हे मतदाराने कसं ओळखायचं?

हा प्रश्न किती महाग पडू शकतो ते २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्याने दाखवलं. एका पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. एका अपक्षाला मिळालं नुसतं 'तुतारी'. त्या अपक्षाला ३७ हजार ६२ मतं पडली आणि पक्षाचा उमेदवार हरला ३२ हजार ७७१ मतांनी. ती सगळी मतं चुकून पडली असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दिंडोरीतही तुतारी चिन्हाच्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं गेली, तेव्हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. ज्या देशात एका चिन्हाच्या गोंधळावर खासदार बदलू शकतो, त्या देशात आपण बोर्डवर चिन्हाला नेत्याच्या गालाएवढी जागा देतो.

चार मतांचा हिशोब कोण सांगणार?

मुंबई सोडली तर बाकीच्या २८ महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी चार जागांचे. एका मतदाराला चार मतं. प्रत्येक जागेची उमेदवारांची यादी वेगळी, तिचा रंग वेगळा, आरक्षण वेगळं. प्रत्येक जागेसाठी एक बटन दाबायचं. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटन आहे. नगरपरिषदेत वेगळा प्रकार, तिथे प्रभागाच्या जागा आणि वर थेट नगराध्यक्ष.

मतदानाच्या आदल्या रात्री माझ्या आईने मला विचारलं, "अरे, चार वेळा बटन दाबायचं म्हणजे एकाच माणसाला चारदा का?" आई चौथी शिकलेली आहे, रोज पेपर वाचते, घरखर्चाचा हिशोब तोंडी करते. तिचा प्रश्न शंभर टक्के वाजवी होता. आमच्या घरापासून मतदान केंद्रापर्यंतचा रस्ता बोर्डांनी भरला होता आणि या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या एकाही बोर्डवर नव्हतं.

इथे मला खरा राग येतो. पॅनलमध्ये चार वेगवेगळ्या चिन्हांचे अपक्ष असतील तर मतदाराला कोणत्या यादीत कोणतं चिन्ह शोधायचं हे पाठ करावं लागतं. ज्यांचं शिक्षण कमी, ज्यांना चष्मा बदलायला पैसे नाहीत, ज्या बायका वर्षातून एकदाच अशा यंत्रासमोर उभ्या राहतात, त्यांची मतं याच गोंधळात वाया जातात किंवा भलतीकडे जातात. मग निकालानंतर आपण चहाच्या टपरीवर म्हणतो, 'आपल्या लोकांत एकी नाही.' एकी नाही की माहिती नाही? एकीच्या नावाने लोकांना झोडपण्याआधी त्यांना साधं सांगितलं का, की अ मध्ये हे, ब मध्ये ते?

तिची जागा, त्याचा चेहरा

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तो कायदा २०११ चा. त्याला पंधरा वर्षं होत आली. आणि आपल्या बोर्डवर अजून काय दिसतं? उमेदवार बाई, मोठा फोटो नवऱ्याचा. तिचं नाव लहान, 'अमुक भाई यांच्या सौभाग्यवती' ही ओळ मोठी. कुठे तिच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. हे फक्त आपल्यात होतं असं नाही, 'नगरसेविकापती' ही जमात सगळ्या समाजांत आहे. पण आपल्यात त्याला परद्याचं कारण चिकटवलं जातं, म्हणून आपण स्पष्ट बोललं पाहिजे.

एखाद्या बाईला आपला फोटो चौकात नको असेल तर तो तिचा अधिकार आहे. त्यावर कोणी तिला शिकवू नये. पण फोटो नको असेल तर फोटो नको, मग नवऱ्याचाही नको. तिचं पूर्ण नाव बारा इंची अक्षरांत लिहा, चिन्ह लावा, ती काय करणार ते लिहा. चांगल्या बोर्डला चेहऱ्याची गरजच नसते, हे वर पाहिलंच. नवऱ्याचा फोटो लावला की एवढंच ठरतं की निवडून आल्यावर सही तिची आणि खुर्ची त्याची. तो बोर्ड मतदाराला खोटं सांगतो: ज्याला मत देता येत नाही त्याचा चेहरा दाखवून मत मागतो.

दोन मोहल्ल्यांत दोन उमेदवार

एकाच उमेदवाराचे दोन बोर्ड कधी शेजारी ठेवून बघा. एक पलीकडच्या कॉलनीतला, मराठीत. त्यात रस्ता, ड्रेनेज, पाण्याची वेळ, बाग. दुसरा आपल्या मोहल्ल्यातला. त्यात चंद्र, मिनार, टोपी घातलेला फोटो आणि एक शेर. तिकडे काम, इकडे शायरी. तिकडचा मतदार नागरिक, इकडचा मतदार जमात.

माझा वाद उर्दूशी नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीसोबत उर्दूतही नाव होतं, त्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की मराठीसोबत उर्दू वापरण्यात बेकायदा काही नाही आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. बोर्ड उर्दूत असेल तर जरूर असावा, पण मग पाण्याची वेळही उर्दूत लिहा की! शेर एकट्यानेच का यावा?

आणि आमचं काय, जे मराठी शाळेत शिकलो, ज्यांचे दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, महापालिकेच्या नोटिसा सगळं मराठीत येतं? कोकणात, कोल्हापुरात, सोलापुरात, विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या घरात-बाजारात मराठी बोलणारा मुसलमान आहे. त्याच्याशी उमेदवार मराठीत कामाचं बोलत नाही, कारण मराठीत बोललं की हिशोब द्यावा लागतो. महापालिकेचा अर्थसंकल्प मराठीत आहे, सभेचे ठराव मराठीत आहेत. ज्याला हे वाचता येतं त्याला शेर ऐकवून गप्प करता येत नाही.

धर्माच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट मार्ग आहे. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने अभिराम सिंह खटल्यात ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने सांगितलं की यात मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेलं आवाहनही येतं. तो खटला मुंबईतल्याच विधानसभा निवडणुकीतून उभा राहिला होता. तो कायदा लोकसभा-विधानसभेचा, पण त्यातलं शहाणपण प्रभागालाही लागू पडतं. दुसरे धर्माच्या नावाने बोर्ड लावतात म्हणून आपण तक्रार करतो, आणि तीच गोष्ट हिरव्या रंगात आपल्या गल्लीत लागली की खाली उभे राहून सेल्फी काढतो. हे चालणार नाही.

रस्त्यावर काय टांगलं जातं हा सजावटीचा प्रश्न नाही, हे मिरजेला कोणी शिकवायला नको. सप्टेंबर २००९ मध्ये एका स्वागत कमानीवरच्या चित्राच्या वादातून इथे दंगल पेटली. पुढच्याच महिन्यात विधानसभेचं मतदान होतं.

'पण वातावरण तर बनतं ना?'

हे वाक्य प्रत्येक उमेदवार म्हणतो. बघू किती बनतं.

अमेरिकेत डोनाल्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार निवडणुकांत प्रयोग केले. चिठ्ठ्या टाकल्यासारखं काही मतदान केंद्रांचे भाग निवडले, तिथे निवडणुकीच्या पाट्या लावल्या, बाकी भागांत लावल्या नाहीत आणि निकाल ताडून पाहिले. २०१६ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की पाट्यांमुळे मतांचा वाटा साधारण एक-दोन टक्क्यांनी वाढतो. त्याआधी २०१३ मध्ये सिंडी कॅम आणि एलिझाबेथ झेकमाइस्टर यांनी नॅशव्हिलमध्ये एका शाळेच्या रस्त्यावर अस्तित्वातच नसलेल्या उमेदवाराच्या पाट्या लावल्या. त्या रस्त्याने मुलांना सोडायला जाणाऱ्या पालकांनी त्या काल्पनिक माणसाला बाकीच्या पालकांपेक्षा जास्त पसंती दिली. फक्त नाव डोळ्यांखालून गेलं म्हणून!

म्हणजे पाटीचा उपयोग होतो, हे मी मान्य करतो. प्रभागात दोनशे-तीनशे मतांनी निकाल लागतो तिथे एक टक्काही लहान नाही. पण कोणत्या पाटीचा उपयोग होतो ते बघा. नॅशव्हिलच्या पाट्यांवर मुख्य होतं काय? नाव. आणि अमेरिकेत अशा पाट्या बहुतेक लोकांच्या स्वतःच्या अंगणात असतात. घरमालक सांगतो, माझं मत याला. आपला फ्लेक्स विजेच्या खांबावर असतो, जो कोणाचाच नाही. त्यातून कोणाचंच मत कळत नाही, फक्त कोणाकडे वर्गणी जमली ते कळतं.

आणखी एक. याच ग्रीन यांनी ॲलन गर्बर यांच्यासोबत १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात दुसरा प्रयोग केला होता. दारात जाऊन समोरासमोर बोललं की मतदान चांगलंच वाढलं, फोन करून काही फरक पडला नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना हे कुठल्या प्रयोगाशिवाय माहीत होतं. दाराची कडी वाजवणारा माणूस लक्षात राहतो. फ्लेक्स लावणाऱ्यांनी कडी वाजवणं सोडलं, कारण दारात गेलं की आतली बाई नळाबद्दल विचारते. फ्लेक्सला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. त्याची खरी सोय ती आहे.

रस्ता कोणाचा?

मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ पासून आहे. परवानगीशिवाय बोर्ड लावला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर बेकायदा होर्डिंग हटवण्याचे सविस्तर आदेश दिले. तरी चौक तसेच आहेत. आणि कारवाईची वेळ येते तेव्हा वरच्या पट्टीतल्या साहेबांना कोणी बोलावत नाही. ठाण्यात बसतो तो बहुतेक वेळा तळाच्या ओळीतला एकोणीस वर्षांचा पोरगा. नाव, फोटो, कधी कधी मोबाइल नंबरसुद्धा त्यानेच छापून दिलेला असतो.

१२ सप्टेंबर २०१९ ला चेन्नईत एक २३ वर्षांची सॉफ्टवेअर इंजिनिअर मुलगी स्कूटरवरून कामावरून घरी येत होती. एका राजकीय पदाधिकाऱ्याच्या घरच्या लग्नाचा बेकायदा बॅनर तिच्या अंगावर पडला, ती खाली कोसळली आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली गेली. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. तो कुजत नाही. जाळला तर विषारी धूर होतो. निवडणूक संपल्यावर तो आपल्याच झोपड्यांवर छप्पर म्हणून जातो किंवा आपल्याच नाल्यात तुंबतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तुंबलेल्या नाल्याच्या सफाईचा आणखी एक बोर्ड लागतो: 'मा. नगरसेवक यांच्या प्रयत्नांतून'. प्रयत्न त्यांचे, पैसा आपल्या घरपट्टीचा.

मग करायचं काय?

पहिलं, चेहरा देऊ नका. बोर्ड टिकून आहे तो तळाच्या तीन ओळींवर, आणि त्या ओळी तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांच्या आहेत. आपण फोटो आणि वर्गणी थांबवली की वरच्या पट्टीला आपल्या खिशातून बिल भरावं लागेल. मग बघू किती बोर्ड लागतात.

दुसरं, डिझाइन करणारेही आपणच आहोत. मोहल्ल्यातल्या डीटीपीच्या दुकानात बसणारा पोरगा हे वाचत असेल तर त्याच्यासाठी: गिऱ्हाइकाला एकदा दोन नमुने दाखव. एक नेहमीचा, एक पाच गोष्टींचा. नाव, यंत्रावर दिसतं तसं काळं-पांढरं चिन्ह, प्रभाग आणि जागा, मतदानाची तारीख, आणि मोजता येईल असं एक काम. 'विकास' मोजता येत नाही. 'दर्ग्यामागच्या गल्लीचं गटार पहिल्या वर्षात झाकणार' हे मोजता येतं. दोन्ही नमुने भिंतीला लावून त्याला वीस पावलं मागे ने आणि विचार, काय वाचता येतंय?

तिसरं, बोर्ड कमी आणि कागद जास्त. हातात मावेल एवढी नमुना मतपत्रिका, चार याद्या, चार रंग, मोठी अक्षरं, मराठी आणि उर्दू दोन्हीत. ती घेऊन दारात जा. मतदार यादीत नाव आहे का, केंद्र कुठलं, चार मतं कशी द्यायची, हे सांगा. हे कुठल्याही पक्षाचं काम नाही, म्हणून ते आपण करू शकतो. दहा जणांचा गट एका प्रभागात दोन रविवारी एवढं करू शकतो.

चौथं, निवडणूक झाल्यावर बोर्ड मागा. होय, मागा. वर्षातून एकदा, प्रभागात किती निधी आला, कुठल्या कामावर गेला, काय राहिलं, एवढ्या तीन ओळींचा हिशोब नगरसेवकाने स्वतःच्या कार्यालयाबाहेर लावावा. माहितीच्या अधिकारात हे आकडे मागता येतात, मग ते आपणच छापून लावू. त्यावर एकही चेहरा नसेल.

जानेवारीत निवडून आलेले लोक पाच वर्षं आहेत. त्यांचे पुढचे बोर्ड आत्ताच तयार होतायत, वाढदिवस आणि ईद येतच राहणार. कोणी शुभेच्छांच्या फ्लेक्ससाठी तुमचा फोटो मागायला आला तर त्याला चहा पाजा, बसवा, आणि फोटोऐवजी आपल्या गल्लीच्या कामांची यादी द्या. सांगा, हे छाप. यातलं एक काम झालं की माझा फोटो घेऊन जा.